बायजाच्या टेम्पोवरची काठी

अर्नाळ्यात बायजा दोन गोष्टींवरून ओळखली जाते. एक तिचा आवाज. मासळीबाजारात तिनं गिऱ्हाइकाला हाक मारली की एस.टी. स्टँडवरचा कंडक्टर मागे वळून बघतो. दुसरी तिची रंगाची बादली. नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या रंगवून झाल्या की उरलेला निळा रंग बायजाच्या घरी जातो, आणि मग तिच्या अंगणातलं लोखंड काही सुटत नाही. खिडकीचे गज, टाकीचं झाकण, सायकलची घंटीसुद्धा. एकदा माझी छत्री तिच्याकडे राहिली, ती निळा दांडा घेऊन परत आली.

"खारा वारा लोखंड खातो, मटिल्डाबाय," ती म्हणाली. "आपन खाऊ द्यायचं नाय."

मी तिच्या शेजारची. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं हजेरीपट लिहिला, त्यामुळे कोण आलं, कोण आलं नाही, कोण येऊनही नसल्यासारखं बसलं, याची नोंद माझ्या डोक्यात आपोआप होते. त्या नोव्हेंबरातली नोंद अशी, की बायजा रोज संध्याकाळी साडेचारला टेम्पो काढते, किनाऱ्यावर नेऊन उभा करते, सहाच्या आत परत येते आणि कुणाशी भांडत नाही. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी काळजी वाटायला लागली. इतके दिवस बायजा न भांडता राहिली असं याआधी एकदाच झालं होतं, तिचा नवरा गेला तेव्हा.

शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्या पायरीवर येऊन बसली.

"सॅमी आला," ती म्हणाली.

सॅमी आमच्या आळीतला, दुसऱ्या बोटीवरचा खलाशी. बायजाचा मुलगा भूपेश ज्या बोटीवर आहे ती त्याला दर्यात भेटली होती आणि भूपेशनं निरोप पाठवला होता. बायजानं तो पाठ केल्यासारखा सांगितला. "आयला सांग, मी रोज पाचला हाक मारतो, ती उत्तर देत नाय. शनिवारी पाचला शेवटची हाक मारीन. मग बोट वर गुजरातकडे जाते. मी वेरावळला उतरतो, तिथं काम बघितलंय. होळीपर्यंत येत नाय."

"मग दे की उत्तर."

"ऐकू आलं तर देऊ ना! रोज जाऊन बसते. नुसतं खर्रर्र, खर्रर्र. मला वाटलं, पोरगा बोलवीतच नाय. रुसलाय."

ते रुसणं मला माहीत होतं. बोट निघायच्या सकाळी भूपेशला कळलं, की आई त्याला न विचारता चंदनसारला जाऊन त्याच्यासाठी मुलगी बघून आली, चहा पिऊन आली आणि "आमची पसंती हाय" असंही सांगून आली. मग धक्क्यावरच तोंडातोंडी झाली. दर्यावर निघालेल्या माणसाला आमच्याकडे कुणी 'जा' म्हणत नाही. निघणारा 'येतो' म्हणतो, मागे राहणारी 'ये' म्हणते; परक्या बोटीचा खलाशी असला तरी म्हणते. बायजा म्हणाली, "जा! तोंड दाखवू नको." धक्क्यावर अकरा बायका होत्या, बारावी मी. बाराही जणींनी एकदम समुद्राकडे बघितलं.

भूपेशकडे रेडिओचे दोन जुळे सेट होते. एक बोटीच्या केबिनमध्ये, एक आईच्या टेम्पोत, स्टिअरिंगच्या खाली. किनारा दिसेनासा झाला की मोबाईल मरतो, म्हणून ही सोय. टेम्पोच्या मागच्या कठड्यावर त्यानं एक उंच, लवचीक काठी बसवली होती, ती अँटेना. बायजा तिला काठीच म्हणायची. जुलैत धक्क्यावरून बोटीत हाक मारून बघितली होती, स्वच्छ ऐकू आली होती. पण बोटीचं इंजिन बसायला दिवाळी उजाडली, आणि लांबची पहिली फेरी ही अशी भांडून निघाली.

"मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात मोठा वायरलेस आहे," मी म्हटलं. "तिथून निरोप दे."

"तो अख्खा दर्या ऐकतो. आनि मधी क्लार्क बसलेला. मी जे बोलले ते मला परत घ्यायचंय, मटिल्डाबाय. माज्या तोंडातून त्याच्या कानात. मधी क्लार्क नको."

मी एकतीस वर्षं क्लार्क होते. पण हे उत्तर मला पटलं.

माझे मामेभाऊ बॅप्टिस्टदादा नायगावला मुलीकडे राहतात, सतराव्या मजल्यावर. वय शहात्तर. तरुणपणी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. जहाजांवर सॅटेलाइट आल्यावर घरी आले आणि टीव्ही दुरुस्त करत बसले. त्यांच्याकडे समुद्रावरच्या एकूण सात गोष्टी आहेत. त्यातली वादळाची मी किमान चाळीस वेळा ऐकली आहे आणि दर वेळी लाट एक हात वाढलेली आहे. त्यामुळे त्यांना फोन करताना मला फार भरवसा होता असं नाही. पण रेडिओ कळणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नव्हता.

"गाडीची अँटेना?" ते म्हणाले. "काटा लावून बघितलाय कुणी?"

"कसला काटा?"

"उद्या तीनला येतो. त्या बाईला सांग, कशालाही हात लावू नको."

ते सव्वातीनला आले. बरोबर बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा होता आणि त्यात हत्यारं नीट कापडात गुंडाळलेली. बायजाचा टेम्पो तिच्या मासे सुकवायच्या पत्र्याच्या शेडला टेकून उभा होता. दादांनी वर बघितलं, शेडकडे बघितलं, बाजूच्या नारळीकडे बघितलं.

"इथं नाही. मोकळ्यावर घे. पत्रा नको, झाड नको, माणूस नको."

"मानसानं काय केलंय?" बायजा म्हणाली.

"कळेल."

बायजानं टेम्पो किनाऱ्यावर नेला, जिथं ओहोटीची वाळू घट्ट असते. ती टेम्पो चालवते तेव्हा वळणावर हॉर्नऐवजी तोंडच बाहेर काढते. समोर पाण्यापलीकडे किल्ल्याचा तट उन्हात तांबूस दिसत होता आणि ओहोटीनं वाळूवर टेकलेल्या दोन होड्या सोडल्या तर किनारा रिकामा होता.

दादांनी सेट आणि काठीची वायर यांच्यामध्ये एक छोटं मीटर जोडलं. काचेखाली एक काटा, एकपासून सुरू होणारे आकडे, तीनच्या पुढे लाल पट्टा.

"सेट वर जितकी ताकद पाठवतो," ते बायजाला म्हणाले, "त्यातली काठीवरून किती माघारी येते ते हा सांगतो."

"माघारी आली म्हंजे चांगलं ना?"

"इथं उलटं आहे, बायजाबाई. माघारी आली म्हणजे गेलीच नाही."

बायजा साडी आवरून सीटवर बसली आणि तिनं दार लावून घेतलं. दादांनी सांगितलं होतं, बोलताना जसं बसणार तसंच बसून मोजायचं, दारं बंद.

त्यांनी खिडकीतून हात घालून माइकचं बटण दोन सेकंद दाबलं. काटा उडाला आणि लाल पट्ट्याच्या टोकाला जाऊन टेकला. पहिल्या नंबरवर, म्हणजे चॅनेलवर, तसाच, शेवटच्या चाळीसाव्या नंबरवरही तसाच.

"एका टोकाला कमी, एका टोकाला जास्त असता तर काठी लांब की आखूड ते कळलं असतं," ते म्हणाले. "दोन्हीकडे लाल म्हणजे आजार दुसराच आहे."

तरी त्यांनी काठीच्या बुडाचा स्क्रू सैल करून ती दोन बोटं खाली सरकवली. पुन्हा लाल. वर घेतली. पुन्हा लाल. मी नीट दिसावं म्हणून जवळ गेले तर म्हणाले, "मटिल्डा, लांब हो. तू काट्यात येतेस."

"मी?"

"माणसाच्या अंगात पाणी असतं, मीठ असतं. लाटेला ते कळतं."

मला ही आठवी गोष्ट वाटली. मी एक पाऊल पुढे गेले आणि काचेकडे बघितलं. दादांनी बटण दाबलेलं होतं. काटा केसभर हलला. मागे सरले, काटा आपल्या जागी गेला. पुन्हा पुढे, पुन्हा हलला. कुणी मला हात लावला नव्हता, मी कशाला हात लावला नव्हता, आणि त्या काचेखाली माझी हजेरी लागत होती. मी मुकाट्यानं दहा पावलं मागे जाऊन उभी राहिले.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

तेव्हा मी दादांकडे बघितलं. घरी ताटावर बसून लाट वाढवणारा हा माणूस आता गुडघ्यावर वाळूत बसून एकेक जोड बोटानं चाचपत होता. त्यांचा चेहराच निराळा झाला होता. चर्चमध्ये मेणबत्ती लावणारी बाई जशी दुसऱ्या कुणाला बघत नाही, तसा. त्यांनी डब्यातून दुसरं यंत्र काढलं, त्याला दोन वायरी. एक टोक टेम्पोच्या चासीच्या बोल्टवर टेकवलं, दुसरं काठी धरून ठेवणाऱ्या पट्टीवर.

"जोड असला तर हे वाजतं," ते म्हणाले.

ते वाजलं नाही.

त्यांनी पट्टी जवळून बघितली. पट्टी निळी होती. तिच्याखालचा कठडा निळा होता. बोल्ट निळे, त्याखालच्या चकत्या निळ्या.

"बायजाबाई, हे कुणी रंगवलं?"

"मी," बायजा खिडकीतून अभिमानानं म्हणाली. "पौर्निमेला. नुसतं वरनं नाय हां. सगळं खोललं, आत-बाहेर दोन हात दिले, वर ग्रीस, मग पुन्हा बसवलं. माजं काम अर्धं नसतं."

"ते दिसतंच आहे." दादा उठून उभे राहिले. "काठी एकटी काही करत नाही. तिला खाली अख्खी गाडी लागते. पाय रोवायला जमीन लागते तशी. तुमच्या रंगामुळं ती गाडीला शिवतच नाही. अधांतरी उभी आहे ती."

बायजानं दार उघडलं.

"म्हंजे तो हाक मारीत होता."

"बहुतेक."

"आनि मी रंग लावला."

दादांनी पॉलिश पेपर काढला, पण बायजानं तो बघितलाही नाही. सीटखालून मासे कापायची सुरी काढली, दादांकडून पाना हिसकावला आणि बोल्ट खोलले. मग कठड्यावर सुरी अशी चालवली की निळ्या सालपटांचा वाळूवर सडा पडला. पापलेटाचे खवले काढावेत तसे. वर निळा, मग खाली गेल्या वर्षीचा हिरवा, मग तांबडा प्रायमर, मग एकदम चांदीसारखं लोखंड. पट्टीची आतली बाजू, चकत्या, बोल्टची मुंडी. तिच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत होता आणि ती तोंडानं स्वतःलाच काहीतरी बोलत होती, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुन्हा बसवलं. दादांनी दोन वायरी टेकवल्या.

यंत्र वाजलं. बारीक, सरळ, न थांबणारा आवाज.

साडेचार.

आता काटा दोनाच्या आसपास आला. पहिल्या नंबरवर थोडा कमी, चाळीसाव्यावर थोडा जास्त. "काठी लांब आहे," दादा पुटपुटले, आणि मग मी आयुष्यात बघितलं नव्हतं असं काम बघितलं. ते काठी तांदळाच्या दाण्याइतकी खाली सरकवत, स्क्रू आवळत, लांब होत, बटण दाबत, काटा बघत. पुन्हा एक दाणा. एवढ्या उंच काठीत एका दाण्यानं काय होणार असं मला वाटत होतं, आणि दर वेळी काटा उतरत होता. पावणेदोन. दीड. दाणा जास्त झाला तर काटा वर चढायचा, दादा अर्धा दाणा परत द्यायचे. शेवटी तो एकाच्या जरासा पुढे येऊन थांबला, दोन्ही टोकांना सारखाच.

"आता सगळं बाहेर जातं," ते म्हणाले. "आणि जे येईल ते आत येतं."

त्यांनी मीटर काढलं, वायर थेट जोडली आणि नंबर बावीसवर आणला. बावीस हा भूपेशचा नंबर. पाचाला बारा मिनिटं होती.

रोजचं खर्रर्र नव्हतं. सेट शांत होता, भरलेल्या घरासारखा शांत. मग त्या शांततेत एक माणूस बोलला. बाप्याचा आवाज, घाईचा, हसरा, आणि भाषा एक अक्षर कळेना अशी. तो टेम्पोच्या मागे उभा राहून बोलतोय असं वाटलं. मी खरंच मागे बघितलं. मागे दोन होड्या आणि एक कुत्रा.

"कोन हाय हा?" बायजा दचकून म्हणाली.

दादांनी डोळे मिटले होते. "इटालियन. तिकडे आत्ता दुपारचे सव्वाबारा. गाडीत बसून बोलतोय, ऐका, त्याचा इंडिकेटर वाजतोय."

खरंच वाजत होता. टिक, टिक, टिक. इटलीतल्या कुठल्याशा रस्त्यावर एक माणूस वळत होता आणि अर्नाळ्याच्या वाळूवर मी ते ऐकत होते.

"एवढ्या लांबून? ह्या काठीनं?"

"काठीनं नुसता दरवाजा उघडलाय." त्यांनी समुद्रावर कललेल्या सूर्याकडे हात केला. "सध्या सूर्यावर डाग पडलेत. मोठे, पृथ्वीपेक्षा मोठे. डाग वाढले की वरचं आभाळ आरशासारखं होतं. तिकडून निघालेला आवाज आभाळावर आपटतो, खाली समुद्रावर आपटतो, पुन्हा वर. असे टप्पे खात येतो. अकरा वर्षांतून एकदा हे दिवस येतात."

त्यांच्या सात गोष्टींपैकी ही एकही नव्हती. हातभर लाट वाढवणाऱ्या माणसानं पृथ्वीपेक्षा मोठे डाग इतक्या हळू आवाजात सांगितले, की मी डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे बघितलं. तो रोजच्यासारखाच दिसत होता. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघते, तो असं काही करत असेल असं कधी वाटलं नव्हतं. आणि हे सगळे आवाज रोजच इथून, आपल्या डोक्यावरून, छत्रीवरून, सुकत घातलेल्या बोंबलांवरून जात होते. आम्ही कुणी हजरच नव्हतो.

बायजाला यातलं काही नको होतं.

"त्याला गप करा," ती म्हणाली. "पाच वाजतील. माजा पोरगा बोलेल कसा?"

"इटलीला कसं गप्प करू?"

"बटन द्या, मी करते."

आणि तिनं केलंही असतं. पण दादांनी माइक वर धरला. पाचाला एक मिनिट होतं आणि इटालियन अजून बोलतच होता. बायजा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिची नखं निळी होती. मी घड्याळाकडे बघणं सोडून तिच्याकडे बघत राहिले.

मग इटालियनाचा आवाज आपोआप बारीक झाला, कुणी दिव्याची वात उतरवल्यासारखा, आणि त्याच्या खालून दुसरा वर आला.

"...आय, भूपेश बोलतो. पाच वाजले. जाळं काढलं. जेवलो. दर्या बरा हाय."

इतका स्वच्छ, की मागे इंजिनाची धडधड आणि कुणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं. बायजा स्टिअरिंग सोडून सेटवर वाकली.

"आज दहावा दिवस," भूपेश म्हणाला. "रोज सांगतो तेच सांगतोय. तू ऐकत नसशील तरी ठीक. रागावली असशील. मी पन जास्त बोललो. ती चंदनसारची मुलगी... जाऊ दे. तांडेल बोलतो, सहाला बोट वर वळवायची. मग इथनं आवाज पोचनार नाय. बंद करू ना?"

"नको!" बायजा ओरडली. अख्ख्या किनाऱ्याला ऐकू गेलं, फक्त समुद्राला नाही. माइक दादांच्या हातात होता. त्यांनी तो तिच्या मुठीत दिला आणि तिचा अंगठा बटणावर ठेवला.

"दाबून बोला. सोडून ऐका."

"भूपेश!" ती म्हणाली. "अरे भूपेश, आयकलं रे, आज आयकलं. काठीला रंग लागला व्हता. मी लावला. मी काय रागावले नाय. रागावले, पन आता नाय. जेवलास ना? काय जेवलास? तू माज्या तोंडाकडे बघू नको रे, माजं तोंड तसंच हाय. मी त्या दिवशी जे बोलले ते मी परत घेतलं. ये. आयकलंस? ये तू."

आणि मग ती थांबली. सेट गप्प. एक, दोन, तीन, चार.

"गेला," ती म्हणाली. "तो गेला."

माझं लक्ष तिच्या अंगठ्याकडे गेलं. बायजाला बोलायला शिकवायची गरज आयुष्यात कुणाला पडली नव्हती. दादांनी पुढे वाकून तिचा अंगठा, जोर लावून, बटणावरून उचलला.

"...आय, बटन सोड! आय! बटन सोड ना!" भूपेश ओरडत होता, आणि हसत होता, आणि मागे बोटीवरचे चार-पाच जण हसत होते. "आयकलं सगळं! सगळ्यांनी आयकलं!"

"सगळ्यांनी कसं?"

"स्पीकरवर हाय. तांडेल विचारतो, काठीला रंग कोन लावतं?"

"त्याला म्हनावं, तुज्या डोक्याला लावीन!"

यावेळी तिनं बटण सोडलं. पलीकडे पुन्हा हसण्याचा गलका झाला, तो हळूहळू विरला, आणि भूपेश जरा वेगळ्या, जवळच्या आवाजात म्हणाला, "आय, वेरावळला नाय उतरत मी. बोटीबरोबर परत फिरतो, आठ-दहा दिवस लागतील. ती मुलगी मी भेटल्याशिवाय काय ठरवायचं नाय. कबूल?"

बायजानं दादांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हट्टाच्या बाबतीत तिची नोंद माझ्याकडे एकदाही खोडलेली नाही.

"कबूल," ती बटण दाबून म्हणाली, आणि लगेच सोडलं.

"मग येतो," भूपेश म्हणाला.

"ये."

त्यानंतर सेटमध्ये पुन्हा ती भरलेली शांतता, आणि थोड्या वेळानं तिच्यातून इटालियन वर आला. तो अजून बोलतच होता. यावेळी बायजानं त्याला काही म्हटलं नाही. उलट कान जरा पुढे केला.

सूर्य किल्ल्याकडे उतरत होता. दादांनी हत्यारं कापडात गुंडाळून डब्यात ठेवली, मग उठून कठड्यावरची ती चांदीसारखी जागा बोटानं चाचपली.

"हे उघडं लोखंड आहे, बायजाबाई. इथल्या हवेत आठवड्यात तांबडं होईल. ग्रीस नको, रंग नको. झालं की घासायचं, स्क्रू आवळायचा. दर आठवड्याला."

बायजानं सुरी साडीच्या काठाला पुसली आणि सीटखाली ठेवून दिली.

"घाशीन," ती म्हणाली.